प्रोस्टेट कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग : डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे आठवडे

काठावरचा

लॉईड ऑस्टिन अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या आजारपणावरून जे वादळ उठले, त्याची चर्चा जवळजवळ सगळीकडे राजकारणाच्या अंगानेच झाली. मंत्री रुग्णालयात आहेत हे व्हाइट हाऊसला तीन दिवस ठाऊक नव्हते, ही गोष्ट गंभीर होतीच. पण त्या गदारोळात वैद्यकीय बाजू मागे पडली, आणि मला या धाग्यावर तिच्याबद्दलच बोलायचे आहे. कारण सरळ आहे. माझ्या वडिलांची याच प्रकारची रोबोटिक शस्त्रक्रिया पुण्यात व्हायची आहे.

वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ९ जानेवारी २०२४ रोजी जे निवेदन दिले, त्यातून दिसणारा घटनाक्रम असा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला कर्करोगाचे निदान झाले. २२ डिसेंबर २०२३ रोजी प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढण्याची, लहान छिद्रांतून करायची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तर वर्षांचे ऑस्टिन घरी गेले. १ जानेवारीला मळमळ आणि पोट, नितंब व पाय यांतील तीव्र वेदनांमुळे त्यांना पुन्हा दाखल करावे लागले, तेव्हा प्राथमिक तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग आढळला. दुसऱ्या दिवशी त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. पुढच्या तपासण्यांत पोटात द्रव साचल्याचे व त्यामुळे लहान आतड्याचे काम मंदावल्याचे दिसले. आतड्यातला साठा वर चढू लागल्याने नाकातून नळी घालून जठर रिकामे करावे लागले आणि साचलेला द्रव शस्त्रक्रिया न करता ड्रेन (निचऱ्याची नळी) घालून बाहेर काढण्यात आला. त्यांना १५ जानेवारीला घरी सोडले.

या क्रमात मला खटकते ते मधले अंतर. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, रुग्ण चालत घरी गेला आणि संकट आले ते दहाव्या दिवशी. जगातल्या उत्तम रुग्णालयांपैकी एकात, सर्व सोयी हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडते, तर आपल्यासारख्यांनी त्या दहा-पंधरा दिवसांत घरी नेमके काय पाहायचे? येथे काही डॉक्टर आणि या अनुभवातून गेलेली कुटुंबे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुई_मेरीलँड

वॉल्टर रीड हे रुग्णालय मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डाला आहे आणि मी तेथून जवळच राहते, त्यामुळे त्या आठवड्यात इथल्या स्थानिक बातम्यांत दुसरे काहीच नव्हते. या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी घरी पाठवणे ही इथली रूढ पद्धत आहे. त्यात मंत्र्यांसाठी काही वेगळे केले गेले नव्हते. मला स्वतःला जास्त अस्वस्थ केले ते १ जानेवारीच्या फोनने. रुग्णवाहिका बोलावताना त्यांच्या कर्मचाऱ्याने दिवे आणि सायरन न लावता येण्याची विनंती केली होती. वेदनेने हैराण झालेला रुग्ण घरात असताना लोकांना कळू नये याची चिंता आधी, ही वृत्ती मला आपल्याकडच्या घरांतही ओळखीची वाटते. प्रोस्टेटचा आजार म्हटला की पुरुषांची जीभ जड होते.

शल्यक

मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा सर्जन आहे. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून लिहितो. काठावरचा, तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्यांच्या सर्जनचे म्हणणेच अंतिम मानावे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पोटावर सेंटीमीटरभराची पाच-सहा छिद्रे दिसतात म्हणून आतले काम लहान असते, असे नाही. प्रोस्टेट आणि तिच्यामागच्या वीर्यकोशिका पूर्ण काढल्या जातात. मधला भाग निघून गेल्यावर मूत्राशयाचे तोंड खाली ओढून मूत्रनलिकेला शिवले जाते आणि तो जोड भरून येईपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, कॅथेटर (लघवी बाहेर नेणारी नळी) ठेवला जातो. धोका जास्त असेल तर ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड) काढतात. म्हणजे बाहेरची जखम लहान असली तरी आत पूर्वीच्या उघड्या शस्त्रक्रियेइतकाच विस्तृत भाग मोकळा झालेला असतो. त्वचेच्या जखमेत पू होण्याचे प्रमाण रोबोटमुळे खरोखरच कमी झाले आहे, पण या शस्त्रक्रियेतले जे संसर्ग आम्हाला त्रास देतात ते त्वचेवर दिसतच नाहीत.

ते येतात तीन वाटांनी. पहिली वाट कॅथेटरची. नळी आत असताना दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, म्हणजे दहा-बारा दिवसांत बऱ्याच जणांच्या लघवीत जंतू सापडणारच. नळीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात आणि त्या थराखाली अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. मात्र लघवीत जंतू सापडणे म्हणजे आजार नव्हे. ताप, थंडी, कंबरेच्या बाजूला दुखणे, उलटी अशी लक्षणे नसतील तर त्या जंतूंच्या मागे लागू नये.

दुसरी वाट साचलेल्या द्रवाची, आणि ऑस्टिन यांच्या प्रकरणामुळे लोकांना कळायला हवी होती ती हीच. लसिका ग्रंथी काढल्यावर त्यांच्या तुटलेल्या वाहिन्यांतून लसिका हा द्रव झिरपत राहतो आणि ओटीपोटात त्याची पिशवी तयार होते, तिला लिम्फोसील म्हणतात. बहुतेक वेळा ती आपोआप जिरते व रुग्णाला पत्ताही लागत नाही. मोजक्या रुग्णांत तिच्यात जंतू शिरतात, आणि हे अनेकदा घरी गेल्यावर, काही आठवड्यांनी घडते. मूत्राशयाच्या जोडातून लघवी झिरपली तर तीही अशीच साचते. रोबोटिक शस्त्रक्रिया बहुधा उदरावरणाच्या, म्हणजे आतडी असतात त्या, पोकळीतून होत असल्यामुळे ती लघवी आतड्यांपर्यंत पोहोचू शकते, आतडी रुसतात, पोट फुगते आणि उलट्या सुरू होतात. ऑस्टिन यांच्या पोटातला द्रव नेमका कोणता होता हे निवेदनात सांगितलेले नाही, त्यामुळे त्यावर तर्क करणे योग्य नाही. एरवी आम्ही तो द्रव सुईने काढून त्यातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो घटक) तपासतो. ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले तर ती लघवी, रक्ताइतकेच निघाले तर लसिका.

नितंब आणि पाय का दुखले, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता. अशी पिशवी जिथे बसते तिथूनच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व नसा जातात आणि मांडी उचलणारा स्नायूही तिथेच असतो. त्यामुळे ओटीपोटातला संसर्ग कधीकधी ‘पाय सरळ करता येत नाही’ अशा तक्रारीने समोर येतो, आणि घरातले लोक मलम चोळत बसतात. एकच पाय सुजला असेल तर शिरेत गुठळी झाली आहे का हे त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पाहावे लागते.

तिसरी वाट गुदाशयाची. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी खेटून असते. शस्त्रक्रियेत त्याला इजा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, पण झालीच आणि लक्षात आली नाही तर होणारा संसर्ग भयंकर असतो. लघवीतून हवा किंवा विष्ठेसारखे काही येणे अथवा शौचाच्या जागेवाटे लघवी येणे ही त्याची चिन्हे आहेत. यातूनच एक सूचना निघते जी आपल्याकडे फार मोडली जाते. या शस्त्रक्रियेनंतर सर्जनला विचारल्याखेरीज एनिमा घेऊ नये. चौथ्या दिवशी पोट साफ झाले नाही की कोणीतरी प्रेमाने एनिमाचे पाकीट आणतोच.

मधला_वाडा

माझ्या सासऱ्यांचेही प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले होते, दुर्बिणीने, आणि नळी तिसऱ्या दिवशी काढली. तुम्ही एक-दोन आठवडे म्हणता, हे कसे?

शल्यक

ते वेगळे ऑपरेशन आहे. वाढलेल्या प्रोस्टेटचा आतला भाग लघवीच्या वाटेनेच खरवडून काढतात, कोठेही छेद नसतो आणि शिवलेला जोडही नसतो. तेथेही संसर्ग होतो, पण त्याचे वेळापत्रक आणि धोके वेगळे आहेत. नातेवाइकांचे अनुभव ऐकताना आधी ऑपरेशन कोणते झाले होते हे विचारून घ्यावे.

सिस्टर_देशावरच्या

युरॉलॉजीच्या वॉर्डात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून नळीबद्दल लिहिते.

युरोबॅग (नळीला जोडलेली लघवीची पिशवी) नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी हवी. पलंगाच्या कडेच्या पट्टीला ती अडकवावी. रिक्षात बसताना रुग्ण ती मांडीवर घेतो, आणि नळीतली लघवी उलटी मूत्राशयाकडे सरकते, हे मी नेहमी पाहिले आहे. पिशवी दोन तृतीयांश भरली की खालच्या तोटीने रिकामी करावी, हात आधी आणि नंतर साबणाने धुवावेत, आणि तोटीचे टोक भांड्याला लागू देऊ नये. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडू नये. आंघोळीसाठी पिशवी काढून नळीला गाठ मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधावी म्हणजे ती ओढली जात नाही. इंद्रियाच्या टोकाशी जमणारा चिकट, किंचित रक्तमिश्रित स्राव साध्या साबण-पाण्याने दिवसातून दोनदा पुसावा. त्यावर डेटॉल, हळद, पावडर काहीही लावू नये.

लघवीची तपासणी सांगितली असेल तर नमुना पिशवीतून देऊ नये. पिशवीत तासन् तास साठलेल्या लघवीत जंतू वाढलेलेच असतात, त्यामुळे त्या कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) अहवालावर औषध सुरू केले तर ते पिशवीवरचे उपचार होतात. नळीवर नमुना घेण्यासाठी ठरावीक जागा असते, तेथून नर्सने निर्जंतुक सुईने घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नळी निसटली किंवा तुंबली तर जवळच्या दवाखान्यात नवी नळी घालून घेऊ नये. आत ताजा जोड आहे. अंदाजाने घुसवलेली नळी तो जोड उसवू शकते. थेट ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जावे आणि वाटेत त्यांना फोन करावा.

आडवाटेचा_प्रवासी

शल्यक यांनी लिहिलेल्या दुसऱ्या वाटेचा अनुभव आमच्या घरात आहे. काकांची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली, नळी वेळेवर निघाली आणि ते गावी परतले. त्यानंतर काही आठवड्यांनी संध्याकाळी अंग मोडून यायचे. काकू क्रोसिनची गोळी द्यायच्या, ताप उतरायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चढायचा. गावातल्या डॉक्टरांनी हवाबदलाचा ताप म्हणून सांगितले. त्यांनाही दोष देता येत नाही, कारण लघवीला जळजळ नव्हती, पोटावरची छिद्रे सुकून गेली होती आणि काकांनी शस्त्रक्रिया कसली झाली हे त्यांना मोघमच सांगितले होते. ‘मुतखड्याचे काहीतरी’ असे. मग एक दिवस ते जेवायला पाटावर बसले आणि उजवी मांडी दुमडेना. त्या रात्री हुडहुडी भरून पलंग हलायला लागला, आणि चुलतभावाने थेट शहर गाठले. सोनोग्राफीत ओटीपोटात उजवीकडे मोठी पिशवी दिसली. त्वचेतून सुई घालून बारीक नळी बसवली तेव्हा गढूळ, पिवळसर द्रव बाहेर आला. नळी बरेच दिवस राहिली, शिरेतून अँटिबायोटिक चालू राहिले आणि काका पूर्ण बरे झाले. कर्करोगाचे नाव न घेण्याची किंमत त्यांनी तापात मोजली, असे मला वाटते. जुईताईंनी लिहिलेला सायरनचा मुद्दा म्हणूनच पटला.

काठावरचा

सर्वांचे मनापासून आभार. दोन प्रश्न आहेत. नळी असेपर्यंत रोज अँटिबायोटिक का देत नाहीत? आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवण्याऐवजी आठवडाभर ठेवून घेतले तर हे सगळे टळणार नाही का? आम्ही जास्तीचे पैसे भरायला तयार आहोत.

शल्यक

पहिला प्रश्न. शस्त्रक्रियेच्या छेदाआधी तासाभराच्या आत शिरेतून दिलेली अँटिबायोटिकची मात्रा हे खरे संरक्षण, आणि चोवीस तासांपलीकडे ती लांबवण्याचा फायदा सहसा नसतो. नळी असेपर्यंत रोज गोळी दिली तर जंतू मरत नाहीत, त्यांची निवड होते. साधे मरतात, दांडगे उरतात आणि पुढे खरा संसर्ग झाला तर हाताशी औषध उरत नाही. आपल्याकडे ही भीती पुस्तकी नाही. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत की भारतातल्या रुग्णालयांत सापडणारा ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन या नेहमीच्या अँटिबायोटिकना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. नळी काढण्याच्या वेळी एखादी मात्रा देण्याची पद्धत आहे. काही सर्जन सर्वांना देतात, काही फक्त जोखमीच्या रुग्णांना.

त्याऐवजी आधीची तयारी नेटकी करा. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीचे कल्चर झालेच पाहिजे आणि त्यात जंतू निघाले तर त्यांच्यावर नेमके उपचार करूनच टेबलावर जावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी. वडिलांची बायोप्सी (तपासणीसाठी प्रोस्टेटचा तुकडा काढणे) गुदाशयाच्या वाटेने झाली असेल आणि त्यानंतर ताप आला असेल, तर ते सर्जनना आवर्जून सांगा, कारण त्या वेळी कोणता जंतू निघाला होता यावरून आताचे औषध निवडता येते.

दुसरा प्रश्न. रुग्णालयात जास्त दिवस राहिल्याने रुग्ण तिथल्या चिवट जंतूंच्या सहवासात जास्त राहतो, शिवाय कमी चालतो. आठवडा ठेवून घेतले असते तरी ऑस्टिन यांना त्रास झाला त्या दिवसापर्यंत ते घरीच गेले असते.

सिस्टर_देशावरच्या

डॉक्टरांशी मी अर्धीच सहमत आहे. बेथेस्डाला दुसऱ्या दिवशी घरी जाणे म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर जाणे. माझ्या वॉर्डातला रुग्ण एसटीने सहा तास दूर जायचा. रुग्णालयात राहू नये हे मान्य, पण नळी निघेपर्यंत शहरातच नातेवाइकाकडे, धर्मशाळेत, कोठेही राहावे. जिथून रात्री दोन वाजता तासाभरात त्याच सर्जनच्या रुग्णालयात पोहोचता येईल, ते या काळापुरते घर.

शल्यक

सिस्टर, हे मान्य. मी शहरातल्या रुग्णांचा विचार करून लिहिले.

जुई_मेरीलँड

ऑस्टिन यांचे पुढे काय झाले, हे येथे नोंदवते, म्हणजे कोणी घाबरून जाणार नाही. संसर्ग पूर्ण बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. २९ जानेवारीला ते पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, परतले. १ फेब्रुवारीच्या पत्रकार परिषदेत पाय अजून दुखत असल्याचे आणि व्यायामोपचार चालू असल्याचे त्यांनी सांगितले, आणि आजार लपवल्याबद्दल माफी मागितली. ११ फेब्रुवारीला मूत्राशयाच्या तक्रारीसाठी त्यांना पुन्हा दाखल व्हावे लागले, पण दोन दिवसांत घरी सोडले. कर्करोग लवकर सापडल्यामुळे बरे होण्याची शक्यता उत्तम असल्याचे डॉक्टर सुरुवातीपासून सांगत होते. त्या देशात आठांपैकी एका पुरुषाला आणि कृष्णवर्णीयांत सहांपैकी एकाला हा कर्करोग आयुष्यात गाठतो, हेही ९ जानेवारीच्या त्या निवेदनात होते.

काठावरचा

नळी निघाल्यावर धोका संपतो का? आणि ताप नेमका किती आला तर फोन करायचा?

शल्यक

थर्मामीटर घरात ठेवा आणि पॅरासिटामॉल देण्यापूर्वी ताप मोजून लिहा, कारण गोळीने उतरलेला ताप आम्हाला दिसत नाही. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरणे, यांवर त्याच दिवशी फोन करावा. श्वास जलद चालणे, रक्तदाब घसरणे, लघवी एकदम कमी होणे किंवा माणूस असंबद्ध बोलू लागणे ही रक्तात संसर्ग पसरत असल्याची चिन्हे आहेत. तेव्हा फोनवर वेळ न घालवता थेट आपत्कालीन विभागात न्यावे. वयस्कर रुग्णांत कधीकधी ताप न येता केवळ गोंधळलेपणाच दिसतो, हे विशेष लक्षात ठेवा. पोट फुगून वायू सरकत नसेल आणि मळमळ असेल तर ‘काल जड जेवले’ असे समजू नये.

नळी निघाल्यावर कॅथेटरचा धोका संपतो, पण द्रवाचा संपत नाही. पहिले दोन-तीन महिने सावध राहावे. अंडकोश एका बाजूने लाल, गरम आणि दुखरा झाला तर तो तेथे पोहोचलेला संसर्ग असतो. नुसती निळसर सूज मात्र सुरुवातीला बऱ्याच जणांना येते आणि उतरते. फार क्वचित जांघांच्या मधल्या हाडाच्या सांध्यात जंतू जातात. तेव्हा चालताना ओटीपोटाच्या तळाशी कळ येते, आणि निदान एमआरआयवर होते. ज्यांनी आधी किरणोपचार घेतले आहेत त्यांच्यात हा प्रकार जास्त दिसतो. महिनोन् महिने लघवीत पुन्हापुन्हा संसर्ग होत असेल तर औषधे बदलत बसण्याऐवजी दुर्बिणीतून आत पाहावे. जोडाची जागा आकसलेली असू शकते, किंवा शस्त्रक्रियेत लावलेली एखादी प्लॅस्टिकची क्लिप सरकत मूत्राशयात येऊन बसलेली असते आणि तिच्यावर खडा धरलेला असतो.

काठावरचा

वडिलांच्या सर्जनना आज भेटलो. लघवीचे कल्चर आधीच पाठवले आहे. लसिका ग्रंथी काढणार आहेत, त्यामुळे त्यांनी नळी काढताना आणि त्यानंतर काही आठवड्यांनी अशी दोन वेळा सोनोग्राफी करू म्हटले. रात्री फोन कोणी उचलणार हे मी स्पष्ट विचारले आणि त्यांनी निवासी डॉक्टरांचा क्रमांक डिस्चार्जच्या कागदावर लिहून देण्याचे कबूल केले. बाबांनी मोठ्या आत्याला स्वतः फोन करून आजाराचे नाव सांगितले. नळी निघेपर्यंत आम्ही कोथरूडला तिच्याकडेच राहणार आहोत.

सिस्टर_देशावरच्या

आत्याबाईंकडे कमोड आहे ना, तेवढे पाहून घ्या. नळी असताना भारतीय शौचालयात बसायला त्रास होतो आणि नळी ओढली जाते.